ॲलर्जी आणि आपले रक्त



"त्याला कोळंबी चालत नाही," हे वाक्य ज्याने कधी ऐकले नाही असा माणूस आपल्या या किनाऱ्यावर, म्हणजे उरणपासून श्रीवर्धनपर्यंत, विरळाच. एकाच भांड्यातले कालवण सहा जण जेवतात. पाच जण बोटे चाटत उठतात. सहाव्याच्या ओठांना खाज सुटते, डोळ्यांच्या पापण्या सुजतात, आणि पाहता पाहता अंगावर गांधी उठतात. घरातली वडीलधारी बाई सांगते, "पित्त उठले, आमसुले भिजत घाला." आमसुलाचे पाणी अंगाला लावले जाते, तास-दोन तासांत गांधी बसतात, आणि घर पुन्हा आपल्या कामाला लागते.

बहुतेक वेळा हे इतकेच असते, पण नेहमी नाही. एखाद्या वेळी याच माणसाचा आवाज घोगरा होतो, श्वास अडकतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि मग आमसुले भिजण्याइतकाही वेळ हाताशी राहत नाही. अन्न तेच, शिजवणारे हात तेच, मग एकाच्याच वाट्याला हे का यावे? या प्रश्नाचे उत्तर पोटात नाही, पित्ताशयातही नाही. ते रक्तात आहे, आणि ते शोधून काढावयास शास्त्रज्ञांना सुमारे 65 वर्षे लागली. आज आपण त्या शोधाची हकीकत पाहणार आहोत आणि तिचा आपल्या घरात काय उपयोग होतो तेही पाहणार आहोत.

रक्षण करणारेच उलटते

आपल्या रक्तात परक्या पदार्थांना ओळखणारी एक व्यवस्था आहे. देवीची लस टोचलेल्याला देवी येत नसत, गोवर एकदा येऊन गेला की बहुधा पुन्हा येत नाही, हे आपण जाणतो. परका पदार्थ एकदा शरीरात आला, की रक्तातील काही पेशी त्याच्याशी तंतोतंत जुळणारे पदार्थ तयार करतात. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. पुढच्या खेपेस तोच परका आला, की ही प्रतिपिंडे त्याला गाठतात. थोडक्यात म्हणजे रक्ताला आठवण असते, आणि त्या आठवणीवर आपले आरोग्य उभे आहे.

ही आठवण घातकही ठरू शकते हे प्रथम ध्यानात आले ते समुद्रामुळेच. 1901 साली मोनॅकोच्या राजाच्या नौकेवर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिये हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ विषारी समुद्रजीवांचा अभ्यास करीत होते. परत आल्यावर त्यांनी समुद्रपुष्पाचे विष थोड्या थोड्या मात्रेत कुत्र्यांना टोचून पाहिले. लस टोचल्याप्रमाणे कुत्र्यांना त्या विषाची सवय होईल, असा त्यांचा अंदाज होता. झाले उलटेच. पहिली मात्रा सोसलेल्या कुत्र्याला काही आठवड्यांनी त्याहून कितीतरी लहान मात्रा दिली, तर तो काही मिनिटांत धापा टाकीत मेला. रक्षणाच्या उलट या अर्थाने रिशे यांनी या प्रकाराला 'ॲनाफिलॅक्सिस' असे नाव दिले. 1913 साली त्यांना याच कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याच सुमारास व्हिएन्नात क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक हे बालवैद्य घटसर्पाच्या मुलांना घोड्याच्या रक्तरसाचे औषध टोचीत होते. औषधाने मूल वाचे. पण आठ-दहा दिवसांनी काहींना ताप येई, अंगावर पुरळ उठे, सांधे दुखत. पुन्हा कधी तेच औषध द्यावे लागले, तर हा त्रास पूर्वीपेक्षा फार लवकर होई. पिर्के यांनी यातून असे अनुमान काढले, की त्रास औषधाच्या विषारीपणाचा नव्हे. शरीराने त्या औषधाला जो प्रतिसाद दिला त्याचा आहे. परक्या पदार्थाच्या भेटीने शरीराची वागणूक बदलते, मग ती बदलून उपकारक होवो की अपकारक. या बदललेल्या वागणुकीस त्यांनी 1906 साली ग्रीक भाषेतून 'ॲलर्जी' हा शब्द बनविला. आज तो आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला आहे.

विष निराळे, ॲलर्जी निराळी

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. आपल्या जिल्ह्यात तो समजावून देण्यास दूर जावे लागत नाही. कोकणातला तांबडा विंचू सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या दंशाने माणसे कशी दगावतात आणि ती कशी वाचवावीत, याचा अभ्यास डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1976 पासून आपल्या महाड भागात राहून केला. प्राझोसिन नावाचे, रक्तदाबासाठी वापरले जाणारे साधे औषध वेळेवर दिल्यास या दंशाचे रोगी वाचतात, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांचे लेख 'लॅन्सेट'सारख्या जगन्मान्य नियतकालिकात आले आणि 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

विंचवाचे विष हे विष आहे. ते मज्जातंतूंवर आणि त्यांच्या मार्फत हृदयावर कार्य करते. लहान मुलाला अधिक, मोठ्या माणसाला कमी, पण ते कोणालाही बाधते. गांधीलमाशीचे तसे नाही. तिचा एक दंश शंभरांतील बहुतेकांना नुसता ठणका देतो. पण ज्याच्या रक्तात पूर्वीच्या दंशाची वाईट आठवण आहे, त्याला तोच दंश बेशुद्ध करतो. कोळंबीचेही तेच. कोळंबीत विष नाही. म्हणून "सगळ्यांनी खाल्ले, त्यांना काही झाले नाही, मग तुलाच कसे?" हा घरोघरी विचारला जाणारा प्रश्न गैरलागू आहे. ॲलर्जी ही त्या एकट्याच्याच रक्तात असते.

मासा, दोन डॉक्टर आणि पोटावरची गांधी

ती रक्तात असते हे सिद्ध कसे झाले? त्या प्रयोगात मासाच होता. 1921 साली जर्मनीत कार्ल प्राउस्निट्झ आणि हाइन्झ क्युस्टनर हे दोन डॉक्टर एकत्र काम करीत होते. क्युस्टनर यांना मासा चालत नसे. प्राउस्निट्झ यांना तो खुशाल चाले. त्यांनी क्युस्टनर यांचे रक्त घेऊन त्यातील रक्तरस वेगळा केला आणि त्याचा एक थेंब प्राउस्निट्झ यांच्या पोटाच्या त्वचेत टोचला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. लगेच तेथे गांधी उठली. इतरत्र टोचलेल्या अर्काने काही झाले नाही. ज्याला आयुष्यात माशाने त्रास दिला नव्हता, त्याच्या अंगाचा तेवढा एक ठिपका आता मासा 'ओळखू' लागला होता!

म्हणजे ॲलर्जी मनाची नव्हे, पोटाचीही नव्हे. रक्तरसात असा काही पदार्थ आहे, की जो एकाकडून दुसऱ्याकडे देता येतो. पण तो इतका अल्प होता, की पुढे 45 वर्षे तो कोणाच्या हाती लागला नाही. 1966 साली अमेरिकेत काम करणारे किमिशिगे आणि तेरुको इशिझाका हे जपानी दांपत्य त्याच्यापर्यंत पोहोचले. त्यांनीही चाचण्या स्वतःच्याच त्वचेवर केल्या. पुढच्याच वर्षी स्वीडनमधील योहान्सन आणि बेनिच यांनी एका रुग्णाच्या रक्तात हेच प्रतिपिंड विपुल प्रमाणात असल्याचे दाखविले. 1968 साली त्याचे नाव ठरले : इम्युनोग्लोब्युलिन ई, म्हणजेच आजच्या प्रयोगशाळेच्या कागदावर दिसणारे 'आयजीई'.

गांधी उठते ती कशी

आता सहाव्या माणसाच्या शरीरात काय घडते ते क्रमाने पाहू. त्याने पूर्वी कधीतरी कोळंबी खाल्ली. त्या वेळी काहीच झाले नाही. पण त्याच्या रक्ताने कोळंबीतील एका प्रथिनाविरुद्ध आयजीई बनविले. हे आयजीई रक्तात दोन-तीन दिवसच टिकते. परंतु त्वचेखाली, श्वासनलिकेत आणि आतड्याच्या अस्तरात 'मास्ट' नावाच्या ज्या पेशी असतात त्यांना ते चिकटून बसते आणि तेथे कित्येक आठवडे राहते. या पेशी म्हणजे दारू भरून ठेवलेले सुतळी बाँबच म्हणाना. त्यांच्यात हिस्टामीन वगैरे द्रव्यांचे कण ठासून भरलेले असतात.

पुढच्या खेपेस कोळंबी पोटात गेली, की तिचे प्रथिन या पेशींवरील दोन शेजारच्या आयजीईंना एकदम पकडते. तीच ठिणगी. काही मिनिटांत पेशीतले हिस्टामीन बाहेर पडते. केशवाहिन्या सैल पडतात, त्यांतून पाणी झिरपते : ही गांधी. मज्जातंतू डिवचले जातात : ही खाज. श्वासनलिकेचे स्नायू आवळतात : ही धाप. आणि हे सर्व शरीरभर एकदम झाले, तर रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब कोसळतो. हाच रिशे यांचा ॲनाफिलॅक्सिस. काही तासांनी रक्तातील इओसिनोफिल पेशी त्या जागी जमतात आणि सूज लांबते. म्हणून गांधी बसल्यावरही काही रोग्यांत त्रास पुन्हा उसळतो.

हे आयजीई निसर्गाने दिले तरी कशाला? त्याचे मूळचे काम जंत आणि तत्सम परजीवींशी झुंजण्याचे असावे, असे शास्त्रज्ञ मानतात. इओसिनोफिल पेशीही त्याच कामावर असतात. कागदावर इओसिनोफिल वाढलेले दिसले, की आपल्याकडे "इस्नोफिलिया झाला" असे म्हणून मोकळे होतात. परंतु ती वाढ ॲलर्जीने होते तशीच जंतांनीही होते, आणि हत्तीरोगाच्या जंतूंमुळे होणाऱ्या एका खोकल्यातही होते. कारण शोधल्याशिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नाही.

कोळंबी, चिंबोरी आणि गादी

कोळंबीतले ते प्रथिन कोणते, याचा शोध लावण्यात भारतीयांचा वाटा आहे ही अभिमानाची गोष्ट. बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील पी. व्ही. सुब्बाराव व त्यांच्या सहकाऱ्यांनी, अमेरिकन शास्त्रज्ञांच्या साहाय्याने, 1993 साली दाखविले की ते स्नायूंतील 'ट्रोपोमायोसिन' होय. उकळून ते नष्ट होत नाही. त्यामुळे कालवण कितीही रटरटले तरी ॲलर्जी असणाऱ्याला सुटका नाही. सुकट, जवळा, सोडे यांतही ते असतेच. चटणीत चिमूटभर जवळा घालून "यात काय कोळंबी आहे?" असे म्हणणे म्हणजे त्या माणसाशी खेळ करणे होय.

कोळंबी, चिंबोरी आणि शेवंड यांचे ट्रोपोमायोसिन एकमेकांशी फार जुळते. म्हणून एक बाधली तर बाकीच्यांपासूनही बहुधा जपावे लागते. पण पापलेट, बोंबील, सुरमई यांची गोष्ट वेगळी. माशांत त्रास देणारे मुख्य प्रथिन दुसरेच आहे. कोळंबी न चालणारी पुष्कळ माणसे मासे निर्धोकपणे खाऊ शकतात. आपल्याकडे मात्र एकदा पित्त उठले, की सगळेच म्हावरे बंद करण्याची रीत आहे. ज्या घरात मासळी हेच मुख्य अन्न, तेथे असा उपास विनाकारण घडविणे हेही नुकसानच.

आणखी एक नवलाची गोष्ट. झुरळात आणि घरधुळीतील डोळ्यांना न दिसणाऱ्या माइट या किड्यांतही जवळजवळ असेच ट्रोपोमायोसिन असते. हे किडे आपल्या अंगावरून झडणाऱ्या कोंड्यावर जगतात, आणि त्यांना दमट हवा मानवते. आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्याचे चार महिने गाद्यांना ओल धरते, त्यांची चंगळच! दमा आणि पहाटेच्या शिंका यांचे मूळ पुष्कळदा या गादीत असते, हे हॉलंडमधील शास्त्रज्ञांनी 1960 नंतरच्या दशकात दाखविले. काही लोकांत गादीतल्या किड्याची ओळख झालेले रक्त कोळंबीलाही तोच किडा समजते असे दिसते. कोळंबी पहिल्यांदाच खाल्ली आणि तरी गांधी उठल्या, याचा उलगडा क्वचित असा होतो. गाद्यागोधड्या कडक उन्हात टाकण्याची आणि चादरी कढत पाण्यात धुण्याची आपल्या आजीबाईंची चाल यासाठी चांगलीच आहे.

सगळ्यांनाच पित्त उठले तर

मघाशी आपण म्हटले, की ॲलर्जी एकट्याची असते. मग एखाद्या दिवशी बांगडा किंवा कुपा खाऊन घरातल्या चौघांचीही तोंडे लाल झाली, डोकी ठणकली, अंगावर चट्टे उठले, तर? ती ॲलर्जी नव्हे. या जातीच्या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे द्रव्य भरपूर असते. मासा पकडल्यावर त्याला लगेच बर्फ मिळाला नाही, तर जंतू त्या हिस्टिडीनचे हिस्टामीन करतात. म्हणजे आपल्या पेशींनी जे सोडावयाचे, ते येथे ताटातूनच येते! तळल्याने किंवा शिजविल्याने ते जात नाही, आणि मासा दिसावयास व वासाला ताजाही वाटू शकतो.

हा भेद महत्त्वाचा आहे. पहिल्या प्रकारात मासा निर्दोष आणि रक्त चुकलेले. दुसऱ्यात रक्त निर्दोष आणि मासा बिघडलेला. पहिल्यात तो पदार्थ त्या माणसाने कायमचा वर्ज्य करावा. दुसऱ्यात बांगडा सोडण्याचे कारण नाही, बर्फ वेळेवर पडतो की नाही ते पाहावे. होडीपासून बाजारापर्यंतचा बर्फ ही चैन नसून औषध आहे, असे आम्ही म्हणतो ते याच कारणास्तव.

रक्ताच्या कागदाचे वाचन

अलीकडे रक्ततपासणी तालुक्याच्या गावीही होते आणि लोक हातात कागद घेऊन विचारतात, "यात अमुक ॲलर्जी दाखवली आहे, आता काय काय सोडू?" येथे सावध राहावे. एखाद्या पदार्थाविरुद्ध रक्तात आयजीई सापडले, याचा अर्थ रक्ताची त्या पदार्थाशी ओळख झाली आहे, एवढाच. ओळख म्हणजे भांडण नव्हे. तो पदार्थ खाऊन ज्याला काहीच होत नाही, त्याने केवळ कागदावरून तो सोडू नये. उलट, एकूण आयजीई वाढलेले असले तरी ते जंतांमुळेही असू शकते. आणि आयजीजी या निराळ्या प्रतिपिंडाची तपासणी करून शंभर-शंभर अन्नांची जी यादी देतात, तिने अन्नाची ॲलर्जी ठरत नाही. ते अन्न आपण खात आलो एवढेच ती बहुधा सांगते. अशा याद्यांवरून लहान मुलांचे दूध, अंडी, गहू बंद करून त्यांची वाढ खुंटविणे हा मोठा अन्याय आहे. काय खाल्ले, किती वेळाने काय झाले, पुन्हा खाल्ल्यावर तसेच झाले काय, ही हकीकत आधी; कागद तिच्या मागून.

वेळ आली तर

शेवटी सर्वांत निकडीची गोष्ट. नुसत्या गांधी असतील तर डॉक्टरांनी सांगितलेली हिस्टामीनविरोधी गोळी घ्यावी. आमसुलाचे पाणी लावण्यासही आमची हरकत नाही. परंतु गांधींबरोबर आवाज बसला, घशाला आवळल्यासारखे झाले, धाप लागली, वारंवार उलट्या झाल्या किंवा घेरी आली, तर तो ॲनाफिलॅक्सिस समजावा. त्याला औषध एकच : ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत, आणि तेही ताबडतोब. गोळीला गुण यावयास वेळ लागतो आणि ती कोसळता रक्तदाब सावरीत नाही. ॲड्रेनॅलिन मात्र आवळलेली श्वासनलिका मोकळी करते आणि सैलावलेल्या रक्तवाहिन्या आवळते. हिस्टामीनने जे बिघडविले ते बरोबर उलट फिरविते. हे औषध स्वस्त आहे.

रोग्याला आडवे निजवावे, पाय उंच ठेवावेत. धाप असेल तर टेकून बसू द्यावे. पण उभे करून चालवू नये. इंजेक्शननंतर बरे वाटले तरी काही तास दवाखान्यात ठेवावे. खाडीपलीकडच्या वाडीवरून निघून तरीने, रिक्षाने दवाखाना गाठावयाचा असतो तेथे "जरा वाट पाहू" हे शब्द महाग पडतात.

सर्पदंशावरचे औषध घोड्याच्या रक्तापासून करतात; मुंबईची हाफकिन संस्था त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्या औषधानेही कधी अशीच प्रतिक्रिया येते, म्हणून डॉक्टर ते देताना ॲड्रेनॅलिन भरून जवळ ठेवतात. पण त्या भीतीने घोणस वा फुरसे चावलेल्या माणसाला औषधच न देणे ही घोडचूक ठरेल. प्रतिक्रिया आवरता येते. विष आवरता येत नाही.

1901 च्या नौकेपासून आपण बराच प्रवास केला. आज आयजीईला रक्तातच पकडणारे ओमॅलिझुमॅब हे औषध निघाले आहे, आणि अमेरिकेत 2024 साली अन्नाच्या ॲलर्जीसाठीही त्याला मान्यता मिळाली. ते महाग आहे आणि सर्वांच्या आवाक्यातले नाही. पण आपल्या आवाक्यात पुष्कळ आहे. ज्याला कोळंबी चालत नाही त्याला पंगतीत आग्रह करू नये. त्याच्या ताटात काय वाढले ते त्याला खरे सांगावे. आणि त्याचा आवाज बसला, तर उठून वाहन शोधावे. एवढे जरी आपण आज येथून घरी घेऊन गेलात, तरी या व्याख्यानाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.